मालुबाईने पास केलेल्या बारा फळ्या

मंजुश्रीनं माझ्याकडे तीनशे शब्दांत कंपनीचा इतिहास मागितला आहे. वेबसाइटवर टाकायचाय म्हणे. मी हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे गल्लीत कुणालाही काही जुनंपुराणं लिहून हवं असलं की माझं दार वाजतं. देवळाच्या जीर्णोद्धाराची पत्रिका मीच लिहिली, तीन-चार श्रद्धांजल्याही लिहिल्या. पण स्केटबोर्ड करणाऱ्या कंपनीचा इतिहास लिहायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं. "सर, स्थापना, संस्थापक आणि ध्येय, तीनच मुद्दे," असं तिनं बजावून सांगितलंय. तीनशे शब्दांत माझी प्रस्तावनासुद्धा होत नाही, हे माझा कोणताही विद्यार्थी सांगेल. तेव्हा तिनं यातलं काय हवं ते कापून घ्यावं.

तर संस्थापक. अप्पासाहेब, वय एकाहत्तर, मुक्काम वडगाव, बेळगाव. उंची बेताची, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. जन्म विणकराच्या घरातला, पण बापाच्या मागावर बसायच्या वयात हे लाकडाच्या नादी लागले आणि धोटे करू लागले. ज्यांनी हातमाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता, टोकांना पितळी टोपण असलेला लाकडाचा तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि तो उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळत आडवं सूत टाकत जातो. धोट्याला कुठे तिळाएवढा खरखरीतपणा राहिला की सूत अडकतं, तुटतं, आणि विणणारीला माग थांबवून गाठ मारत बसावं लागतं. विणकराच्या घरी सूत तुटल्याचा आवाज झाला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

अप्पासाहेबांची एक खोड आधीच सांगून ठेवतो. हा गृहस्थ रोज सकाळी सहाला हातात खराटा घेऊन गल्ली झाडतो. स्वतःच्या दारापुरती नव्हे, दुकानापासून पार गल्लीच्या टोकाच्या चिंचेपर्यंत. फळ्या उन्हात वाळायला रस्त्यावर मांडायच्या असतात, आणि एखादा बारीक खडा लाकडात रुतला की रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. महापालिकेच्या झाडणाऱ्या बायका आमच्या गल्लीत फक्त चहा प्यायला येतात.

आता मालुबाई. या त्यांच्या पत्नी. लग्नाआधी शहापुरात वडिलांच्या मागावर साड्या विणायच्या. अप्पासाहेब तिथं धोटे घेऊन गेले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या या मुलीनं रेशमी सुताचा एक पदर घेतला, धोट्यावरून हळूच ओढला आणि धोटा परत केला. "हितं अडकतंय." अप्पासाहेबांनी घरी येऊन पुन्हा घासला, पुन्हा नेला. पुन्हा परत. चौथ्या खेपेला धोटा पास झाला. नंतर त्या घरात अप्पासाहेबांना स्वतःला पास व्हायला सहा खेपा लागल्या, असं ते अजून तक्रारीच्या सुरात सांगतात.

तेव्हापासून त्या दुकानातून लाकडाची कुठलीही वस्तू मालुबाईच्या सुताखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेली नाही. आमच्या हिनं एकदा पोळपाट करायला दिला होता. तो दोन दिवस अडवून ठेवला, कारण कडेला सूत थबकत होतं. "पोळपाटावर आमी साडी विणणार न्हाय," असं हिनं सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. त्या पोळपाटावरून आजही पोळी आपोआप घसरते.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्रमाग आले, मग बिनधोट्याचे यंत्रमाग आले. शेवटी शेवटी एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर टांगायला म्हणून चाळीस धोटे नेले. अप्पासाहेबांनी ते दिले, पण आठ दिवस घरात कुणाशी नीट बोलले नाहीत. त्यांचा मुलगा शिवराज उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, "आण्णा, आता जरा आराम करा." त्यांचा आराम म्हणजे माझ्या कट्ट्यावर येऊन बसणं, माझा पेपर माझ्या आधी वाचणं आणि मी वाचू लागलो की पुढची बातमी सांगून टाकणं. त्यामुळे ही कंपनी निघावी असं वाटणाऱ्यांत मी पहिला होतो, याची इतिहासात नोंद व्हावी.

कंपनी निघाली ती शिवराजच्या बायकोमुळे. तीच ही मंजुश्री. माहेर निपाणी, नोकरी शाळेत खेळाची बाई म्हणून, आणि नाद चाकांचा. शाळेत असताना चाकांचे बूट घालून बक्षिसं मिळवलेली. पुढे स्केटबोर्डवर आली. लग्न होऊन आली तेव्हा सामानात एक स्केटबोर्ड होता. गल्लीतल्या बायकांना वाटलं, फुटलेल्या पाटाला चाकं लावून आणलीत. तो बोर्ड आमच्या रस्त्यांना वर्षभर पुरला आणि मग मधोमध चिरला. वरचं काळं अस्तर सोलून तिनं तो सासऱ्यांसमोर ठेवला. सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्ती म्हणायची आमच्याकडची रीत.

"मामा, ह्यो जोडाय येतोय काय?"

अप्पासाहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला, कडेला नख लावलं. "सात थर हायत गं! अन दोन्ही टोकं वर उचलल्याली. ह्यो तर धोटाच की." जोडत बसण्यापेक्षा नवा करतो म्हणाले, आणि खरंच लागले कामाला. बापाचा जुना माग माळ्यावर सुटा करून ठेवला होता. त्याच्या दणकट तुळया घेऊन त्यांनी दाब द्यायचं साधन केलं. पातळ फळ्यांचे सात थर डिंक लावून त्यात आवळून ठेवायचे, ते तसेच वाकून वाळतात. चाकं आणि कणे तेवढे बाहेरून मागवले. पहिल्या बोर्डाला सवयीनं दोन्ही टोकांना पितळी टोपणं बसवली होती. मंजुश्रीनं त्यावर पाय टाकला तेव्हा तो बोर्ड सुटून माझ्या नडगीवर आला. टोपणं काढली. माझ्या नडगीवरची खूण आहे तशी आहे.

मग रीतसर कंपनी झाली. नाव 'धोटा'. कागदावर तीन माणसं: मंजुश्री, अप्पासाहेब आणि गुणवत्ता तपासणीला मालुबाई. मालुबाईचं शिक्षण कन्नड शाळेत चौथीपर्यंत, त्यामुळे त्यांची सही कन्नडमध्ये आणि भांडण मराठीत. पाटीवर नियमाप्रमाणे कन्नड मोठं, त्याखाली इंग्रजी, आणि अप्पासाहेबांच्या हट्टापायी मराठीही. तिन्ही भाषा बसवता बसवता स्केटबोर्डचं चित्र राहून गेलं. पहिले सहा महिने लोक पाट विचारायला येत होते.

पहिलं काम मिळालं ते बारा बोर्डांचं. शहरात स्केटिंगचं एक नवं मैदान होत होतं, मंजुश्री तिथं शिकवायला जाणार होती. दसरा झाला की बोर्ड पोचते करायचे होते. हे काम नीट झालं तर कंपनी चालणार, नाहीतर दुकानाला कुलूप लावून जागा भाड्यानं द्यायची, असं घरात ठरलंच होतं. अप्पासाहेबांनी भाड्याचं कधी तोंडातून काढलं नाही. ते नुसते घासत राहिले. सकाळी घासायचे, दुपारी घासायचे, वरून मेण लावायचे, पुन्हा घासायचे. मालुबाई सूत ओढायच्या. त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता, पण बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं. बारातल्या सात फळ्या त्यांनी पहिल्यांदा परत केल्या. शेवटी बाराही पास झाल्या.

खंडेनवमीला उद्घाटन. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुसूनबिसून मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, आणि दिवसभर कुणी हत्याराला कामाला लावत नाही. रंधा, करवत, पटाशी, दाबाच्या तुळया आणि पुढे ओळीनं बारा बोर्ड. प्रमुख पाहुणा मी. सगळ्या गल्लीनं येऊन फळ्यांवरून हात फिरवला आणि "लोणी हाय की ओ, लोणी," असं म्हटलं. मी भाषणात सांगितलं की या फळीत मला माझा चेहरा दिसतो. टाळ्या पडल्या. बोर्ड आहे तर त्यावर उभं राहून बघू, असं त्या दिवशी कुणी म्हणणं शक्यच नव्हतं. हत्याराची पूजा आहे आणि तुम्ही त्यावर पाय ठेवणार?

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी, सोनं लुटायला जायच्या आधी, मंजुश्रीनं पहिला बोर्ड चालवून दाखवायचा होता. गल्ली दुतर्फा उभी. तिनं बोर्ड रस्त्यावर ठेवला, त्यावरचा झेंडू बाजूला केला, हात लावून कपाळाला लावला. मग एकदम थांबली आणि बूट काढले. कालच पूजलेल्या वस्तूवर बूट घालून कसं उभं राहायचं? पायात मोजे, मोज्याखाली मेण लावलेलं लाकूड, आणि ते लाकूड रेशीमसुद्धा धरू शकणार नाही इतकं गुळगुळीत. दोन हातही गेली नसेल. बोर्ड पुढे गेला, ती मागे राहिली, आणि डाव्या हातावर पडली.

उठायच्या आधीच ती म्हणाली, "खडा आला, मामा. चाकाखाली खडा आला."

अप्पासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, मग रिक्षा बोलवायला गेले.

मनगटाचं हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. संध्याकाळी तिनं उजव्या हातानं सगळ्यांना आपट्याची पानं दिली आणि प्रत्येकाला तोच खडा सांगितला. गल्लीनं महापालिकेचा उद्धार केला. मी तर कडक शब्दांत तक्रार लिहिली, माझ्या अक्षरात. चौथ्या दिवशी एक माणूस आला, त्यानं पाऊण तास गल्ली धुंडाळली आणि मला म्हणाला, "सर, हितं खडा कुठं हाय? तुमीच दाखवा." मी त्याला चहा दिला.

अप्पासाहेबांनी बाराही फळ्या आत ठेवून दुकानाला कुलूप लावलं. मैदानावर निरोप गेला की थोडा उशीर होईल. ते पुन्हा माझ्या कट्ट्यावर येऊन बसू लागले, पण पेपराला हात लावीनात. मी वाचत होतो, ते समोर बघत होते. पुढची बातमी कुणी सांगत नव्हतं. मला ते फार लागलं, हे कबूल करतो. गल्ली मात्र ते आता दिवसातून दोनदा झाडत होते.

पुढचं मला कसं कळलं? मालुबाईनं माझ्या हिला सांगितलं, हिनं मला. इतिहासात याला मौखिक साधन म्हणतात आणि ते लेखी साधनाहून जलद असतं.

मंजुश्रीला एका हातानं वेणी घालता येत नव्हती. मालुबाई तिची वेणी घालायला बसल्या आणि फणी काढायला कपाट उघडलं. आत काळ्या कागदांची गुंडाळी. बोट लावलं तर खसखसीत, पॉलिशपेपरासारखं. एका बाजूला डिंक.

"हे काय गं?"

मंजुश्रीनं गुंडाळी हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "बोर्डावर वरनं चिकटवायचा असतोय, आत्ती. पाय धरून ठेवाय. त्येच्याबिगर कोण चालवत न्हाय."

"मग आदुगर सांगायचं न्हाय व्हय?"

"कसं सांगू? तुमी सूत ओढून पास केल्तं. मामा महिनाभर घासत हुते. त्येच्यावर म्या पॉलिशपेपर चिकटवू? वाटलं, दसऱ्याला दहा पावलं जाऊन उतरायचं, मग सावकाश सांगायचं."

मालुबाईनं वेणी पुरी केली. मग कागदाची गुंडाळी काखेत मारून दुकानाच्या दारात आल्या. मी आणि अप्पासाहेब कट्ट्यावरच होतो. "किल्ली द्या," असं म्हणून त्यांनी कुलूप काढायला लावलं आणि कागद पुढे केला. "बाहेरच्या फळ्यांवर ह्यो असतोय म्हणं. आपल्यावर लावा."

अप्पासाहेबांचा आवाज महिन्यानं परत आला. "माझ्या लाकडावर पॉलिशपेपर? आगं, घासून झालं की त्यो फेकून देत्यात. घर झाडून झाल्यावर खराटा कोण देव्हाऱ्यात ठेवतंय काय?"

"म्या पास केल्त्या नव्हं त्या फळ्या? मग माझंबी चुकलंय. लावा."

"तुझं काय चुकलं? खडा आलता म्हणं की."

मालुबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "व्हय. खडा आलता," असं म्हणून त्या तिथंच खाली बसल्या आणि एक फळी मांडीवर घेतली. "बघा, धोट्यावरनं सूत जायाचं. ते अडकाय नगं म्हणून आपुन जलमभर घासलं. आता हेच्यावर सूत न्हाय, माणूस हुभा ऱ्हाणार. माणूस अडकाय पायजे."

अप्पासाहेब वळले. आत जाऊन कात्री घेऊन आले. कागद फळीच्या आकाराचा कापला, एका टोकापासून हळूहळू चिकटवत नेला, एक बुडबुडा राहू दिला नाही. कडा कानशीनं इतक्या साफ केल्या की कागद कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळेना. चेहरा मात्र मुलीचे केस कापायला बसल्यासारखा. झाल्यावर फळी मालुबाईच्या मांडीवर ठेवली आणि जुन्या सवयीनं समोर उकिडवे बसले.

मालुबाईनं रेशमी सुताचा पदर काढला आणि आधी फळी उलटी करून खालच्या बाजूवरून ओढला. सूत सरकत गेलं. मग फळी सुलटी केली. काळ्या बाजूवर सूत ठेवलं आणि ओढलं. अडकलं. जोर लावला, तर तुटलं. अप्पासाहेबांच्या कपाळाला आठी पडली, मीसुद्धा घाईघाईनं इकडेतिकडे बघितलं.

"पास," मालुबाई म्हणाल्या.

ध्येय हा मुद्दा मंजुश्रीला हवा आहे. तर तेच ध्येय. आज सात वर्षांनी 'धोटा'चे बोर्ड हुबळीला जातात, पुण्याला जातात, गोव्याला तर मोठाच गठ्ठा जातो. प्रत्येक बोर्डावर आजही मालुबाईचं सूत दोनदा ओढलं जातं: खालून सरकलं पाहिजे, वरून तुटलं पाहिजे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी त्या डोळे मिटूनच बघतात. वरून तुटलं नाही तर बोर्ड परत. अप्पासाहेब कुरकुरतात की कागद बाहेरच्या कंपनीचा, त्याला मी काय करू. उपयोग होत नाही. खंडेनवमीला बोर्ड अजून पूजेत असतात, मात्र आता खोक्यात एक चिठ्ठी जाते: बूट घालूनच उभे राहावे. ती तिन्ही भाषांत मी लिहिली, कन्नड मालुबाईनं तपासलं.

आता एवढंच सांगून थांबतो. हे मंजुश्री नक्की कापेल, कारण तिथं आम्ही तिघंच होतो आणि तिला वाटतं मी पेपर वाचत होतो.

प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले होते. मैदानावर बोर्ड पोचवायच्या आधीची सकाळ. अप्पासाहेबांनी गल्ली झाडली, मग पुन्हा झाडली. मंजुश्री बोर्ड घेऊन आली आणि दसऱ्यासारखीच बुटाची नाडी सोडायला वाकली, तर ते ओरडले, "बूट ऱ्हाऊ दे!" ती बुटासकट उभी राहिली. एक पाय मारला. बोर्ड निघाला, आणि बाजूनं अप्पासाहेब निघाले, दोन्ही हात पुढे पसरून, हातात परात असल्यासारखे. ती हळू गेली तर हे हळू, ती जोरात तर हे धोतर सावरत पळतायत. वय तेव्हा चौसष्ट. मी पेपर तोंडावर धरला होता, हसू दिसू नये म्हणून. ती चिंचेपर्यंत गेली, वळली आणि परत माझ्या कट्ट्यासमोर येऊन थांबली. एकदाही डगमगली नाही. अप्पासाहेबांना धाप लागली होती.

"खडाबिडा लागला न्हाय नव्हं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय मामा. कुठला खडा?"

अप्पासाहेब गुडघ्यांवर हात ठेवून उभे होते. मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशीबी नव्हता, पोरी. त्या दिवशीबी म्या झाडल्यालं."

मंजुश्रीनं बोर्डावरचा पाय काढला नाही. डाव्या हातानं, त्याच हातानं, तिनं त्यांचा खांदा धरला. "ठावं हाय मामा," ती म्हणाली. "चला, आनी एकदा चिंचेपतूर जाऊया."